मोघ्यांचे साहेब

२००७ च्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी, विलायतेत हॅरोतल्या एका हॉलमध्ये रेवती मोघे हिचं लग्न लागलं. ग्रुप फोटोची वेळ झाली तेव्हा वधूचे वडील सदानंद मोघे कार पार्कमध्ये सापडले. दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीला टेकून ते उभे होते. मी त्यांचा शेजारी. शोधायला मला पाठवलं होतं.

चार वर्षांपूर्वी मोघ्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. पुढे बरीचशी सुधारली. तोंडाचा डावा कोपरा मात्र खाली ओढलेलाच राहिला. तेव्हापासून ते ट्रेनमध्ये डावा गाल खिडकीकडे करून बसत. ऑफिसातल्यांना वाटे, यांना बाहेरचं बघायला आवडतं. फिंचली रोड स्टेशननंतर बोगदा आहे.

त्याच आजारपणात, लायब्ररीतून आणलेल्या एका पुस्तकात त्यांना साहेब भेटले. साहेब म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला एक चित्रकार. रोमन वीर, ताठ हात, दगडात कोरल्यासारखी माणसं, असं त्याचं काम. तरुणपणी तलवारबाजीत त्याच्या गालाला जखम झाली, गाल सुजलेला राहिला, बोलणं अडखळू लागलं. तरी तो राजकारणात शिरला आणि राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत देऊन आला. मोघे त्याचं नाव घेत नसत. ‘आमचे साहेब’ म्हणत. कौन्सिलनं कचऱ्याची बिन उचलली नाही की शांतपणे सांगत, “साहेबांच्या काळात याला एकच शिक्षा होती.”

यातून घोटाळे होत. एकदा त्यांनी पुण्याला फोनवर आईला साहेबांची अखेरची हकीकत सांगितली: राजघराणं परत आलं आणि साहेबांना देश सोडून ब्रुसेल्सला जावं लागलं.

आई म्हणाली, “मग तुझी नोकरी राहते का रे?”

आईला साहेब माहीत होते. मुलाचा गाल माहीत नव्हता. रजा मिळत नाही असं सांगून मोघे चार वर्षं पुण्याला गेले नव्हते. तिला आता विमानप्रवास झेपत नव्हता, त्यामुळे नातीचं लग्न ती फोटोतच बघणार होती.

कार पार्कमध्ये मोघ्यांनी मला एवढंच सांगितलं. “तुम्ही उरकून घ्या. मी सापडलो नाही म्हणा.”

तेवढ्यात शालू सावरत रेवती आली. ती इथेच जन्मलेली.

“बाबा, तुमचा साहेब जेलमध्ये होता ना, देन त्याने मिरर घेऊन स्वतःचा पेंटिंग केली. गालासकट. यू टोल्ड मी.”

“त्यांना तिथे दुसरं काम नव्हतं.”

“तुम्हाला पण इथे नाहीये. सगळं आई करते.”

मोघे आत गेले. फोटोग्राफरनं त्यांना चेहरा जरासा डावीकडे वळवायला सांगितलं, म्हणजे तो गाल दिसला नसता. ते सरळ समोर बघत राहिले.

फोटो पुण्याला पोचल्यावर आईचा फोन आला. मी तेव्हा मोघ्यांकडे चहाला बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

“कधीपासून आहे हे?” आईनं विचारलं.

“झाली चार वर्षं.”

“जेवताना त्रास होतो?”

“आता नाही.”

“मग ये की.”

त्याच आठवड्यात मोघ्यांनी डिसेंबरचं तिकीट काढलं.