बाहेरचा वारा

प्रिय ईरा आणि नील,

परवा नील फोनवर वैतागून सांगत होता, की तुमच्या जुन्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, दोन गॅरेजवाल्यांनी भलतेच भाग बदलले आणि शेवटी निघालं काय, तर एका रबरी नळीला बोटभर चीर. इंजिन तिथून नको ती हवा ओढत होतं. मी गप्प झाले, तेव्हा तुम्हाला वाटलं आजीला काही कळलं नाही. सगळं कळलं होतं. मला दादू मेस्त्री आठवले होते. त्यांची आठवण असणारी आता बहुधा मी एकटीच, म्हणून आजच लिहायला बसले.

दादू मेस्त्री गिऱ्हाइकाला श्वास घेऊ देत नसत. गाडी चालू करायची, पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा एका कानात खुपसायचा आणि डोळे मिटून दुसरं टोक इंजिनावरून इंच इंच फिरवायचं, ही त्यांची तपासणी. तेवढा वेळ आजूबाजूच्यांनी श्वास रोखून धरायचा. "बाई, धरा वायच. तुमचाच ऐकू येतोय." मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, चाळीस मुलांना नजरेनं गप्प बसवायचे, पण तिथे मीही गाल फुगवून उभी राहायचे. एकदा एका वकीलसाहेबांना ऐन वेळी शिंक आली, तर त्यांची गाडी चार दिवस रांगेत मागे गेली. माणसांशी मेस्त्री तुटक बोलत. गाडीशी मात्र लाडानं. "बोल गो बाय, कुठं दुखतंय?"

तेव्हा आमच्याकडे एक जुनी फियाट होती. तुमचे आजोबा राजापूरला बँकेत, शनिवारी संध्याकाळी येत. गाडी माझ्या हाती असे. आमच्या मांडवीत तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटीच होते आणि मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी गाडीला एक विचित्र खोड लागली. शाळा सुटल्यावर मी घाटी उतरून घरी येई. घाटीच्या मधोमध एक वळण होतं. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला पिंपळ आणि त्याच्यामागे जुनं मसणवट. नेमकी तिथे आली की गाडी थरथरायची. समोरचा तांबडा दिवा हळूच पेटायचा, डोळा उघडावा तसा. मग पुढून कुठून तरी बारीक शीळ यायची. सलग नाही, तुटत तुटत. दम नसलेलं कुणीतरी काहीतरी मागतंय, असं वाटायचं. आणि इंजिन बंद. पाठोपाठ अशी शांतता, की गरम लोखंडाचा टिकटिक आवाजही मोठा वाटे. माथ्यावर बाराचं ऊन.

मेस्त्रींकडे रांग, म्हणून आधी दुसरीकडे दाखवलं. दिवा चार्जिंगचा, तेव्हा एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं डायनॅमो. शीळ होतीच.

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, निदान केव्हाच केलं होतं. "बाहेरचं आहे हो ते. विकून टाका." त्यांना खोटं पाडायला मी वहीत तारीखवार नोंद ठेवली आणि तिथेच फसले. सात वेळा गाडी बंद पडली होती, सातही वेळा त्याच वळणावर, सातही वेळा बाराच्या ठोक्याला. माईंनी वही चष्मा लावून वाचली. "अगो, पंचांगासारखं लिहून ठेवल्येस की! आता आणखी काय पुरावा हवा?" रविवारी राजापूरचे एक गृहस्थ गाडी बघायला येणार, हे ठरूनही गेलं. मला रडूच आलं. गाडी गेली की मी पुन्हा एसटीच्या वेळापत्रकावर आणि दुसऱ्यांच्या मर्जीवर.

गुरुवारी मी मेस्त्रींना घरी बोलावलं. नळी कानात, डोळे मिटलेले, आम्ही सगळे श्वास धरून. नळी एका जागी थांबली. मेस्त्री कितीतरी वेळ हललेच नाहीत.

"बाहेरचा वारा घेतेय ती," ते म्हणाले.

"बघ!" माईंचा श्वास एकदम सुटला. "मी काय सांगत होते?"

"अवो माई, बाहेरचा म्हंजे बाहेरचा. कार्बोरेटरखालचं पॅकिंग फाटलंय, तिथनं."

"कुठूनही शिरतो मेला."

मेस्त्रींनी मग गाडी बंद केली आणि खात्री करायला ऊद मागितला. तो माईंनी स्वतः आणला, सोबत न विचारता नारळ आणि लिंबू. कार्बोरेटरचं तोंड ओल्या फडक्यानं दाबून मेस्त्रींनी फुंकणीनं आत धूर भरला. आम्ही वाकून बघत होतो. खालच्या सांध्यातून धुराचा एक धागा निघाला, वर आला आणि सावकाश आमच्याकडे वळला. माईंनी तत्परतेनं त्याच्यावरून नारळ ओवाळला.

मला मेस्त्रींनी नीट समजावलं. इंजिन तापलं की फट उघडते. वळणावर आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, तेव्हा ती हवा जास्त होते, इंजिनाला सोसत नाही, आणि ते मंदावलं की दिवा लागतो. बारा वाजतात कारण शाळा तेव्हा सुटते. पिंपळाचा काही दोष नाही.

मग त्यांनी गाडी पुन्हा चालू करून त्या जागी बोट ठेवलं. शीळ थांबली. बोट उचललं, सुरू झाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"दोन दिस ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

"तासाभराचं काम ना, मेस्त्री?"

त्यांनी बॉनेट बंद केलं. गाडी घेऊन गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी चालत गॅरेजवर गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतून ती शीळ येत होती आणि मधेमधे मेस्त्रींचा आवाज. ते कुणाला तरी उत्तर देत होते.

"पाणी?" शीळ. "उशी सरकवू?" शीळ तुटली, पुन्हा आली. "बरं, बरं. पडून ऱ्हा. हाय मी हितंच."

मी दारातून आत पाहिलं. गाडीत ते एकटेच बसले होते, नळी कानात, इंजिन विझायला लागलं की पायानं जरासं दाबत. मला बघून त्यांनी चावी फिरवली.

"बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं व्हतं, बाई," ते म्हणाले. "भोक पाडून नळी बसवलेली. बोलाया गेली की वारा भायेर जायचा, निस्ती शीळ. चार वर्सं. डागदरलाबी कळायची नाय, मला कळायची. पाणी येगळं, उशी येगळी. नायतर ह्ये ऐकायचं मी कुठं शिकणार?" त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "तिला जाऊन तीन वर्सं झाली. ह्या गाडीची आन् तिची शीळ एकच."

"राहू दे, मेस्त्री," मी म्हणाले. "तुमच्या हातानं नका बंद करू ती शीळ. उद्या गाडी जाऊ दे विकून. सांगेन घरी, नाही जमलं."

"आन् तुमी एसटीनं जानार?" ते उठले. "तिला नाय आवडायचं ते. तिला बाईमान्सानं गाडी चालवलेली लय आवडायची. तुमी गेलात की ह्या दारात येऊन बगायची."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या दारावरून मी रोज जात होते आणि एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

त्यांनी जाड कागदावर पॅकिंग आखलं, कात्रीनं कापलं, बसवलं. शेवटचा नट आवळण्याआधी थोडे थांबले. मग आवळला आणि चावी फिरवली. इंजिन एकसुरात चालू लागलं. मेस्त्रींनी नळी कानाला लावली, लावून बघितली आणि खाली ठेवली.

"काय नाव होतं त्यांचं?" मी विचारलं.

"शेवंता."

रविवारी बाराला मी माईंना शेजारी बसवून घाटी उतरले. नारळ त्यांच्या मांडीत होता. वळण आलं, मी पाय उचलला, माईंनी डोळे मिटले. दिवा लागला नाही. शीळ नाही. पिंपळ मागे गेला. "ऊद उत्तम होता हो," माई म्हणाल्या आणि राजापूरच्या गृहस्थांना सरबत पाजून परत पाठवलं.

पुढे कित्येक वर्षं मी ती गाडी चालवली. गॅरेजपाशी आले की वेग कमी करायचे आणि दाराकडे बघायचे.

मेस्त्री गेले. गॅरेजच्या जागी इमारत आहे. गाडी भंगारात गेली. त्यांच्या बायकोचं नाव शेवंता होतं, ते उरलं आहे.