पाहुणीला न्हाई कसं म्हनावं

"आत्याबाईच्या जिभेला न्हाई म्हनताना काय काटा टोचायलाय का?" कपांत चहा ओतता ओतता शिवकन्या पुटपुटली.

"हळू. पाहुणी बाहीरच हाय," जाऊ दिपालीनं दटावलं.

पाहुणी म्हणजे डेन्मार्कच्या कंपनीची इंग्रीड मॅडम. राणीसावरगावच्या बचत गटाच्या घोंगड्या तिला आवडल्या होत्या. दोन महिन्यांत किती देता, एवढंच ठरवायला ती आली होती. घरात लोकर होती चाळीस घोंगड्यांपुरती. बाकीची अजून मेंढरांच्या अंगावर होती, आणि मेंढरं घेऊन शिवकन्येचा नवरा बिरदेव गोदाकाठाला गेला होता. गेल्या साली पालमच्या एका दुकानदाराला असंच हो हो म्हटलं, माल दिला निम्मा, तो पुन्हा फिरकला नाही. आता ही बाई गेली की गटाला कुलूपच.

"ऐंशी?" मॅडमनं विचारलं. पुण्याला नोकरी केलेला चुलतदीर शिवप्रसाद मराठीत सांगत होता.

"हून जाईल की," गटाच्या अध्यक्षीण सुगंधाबाई म्हणाल्या. त्या शिवकन्येच्या सासूबाई.

मॅडमनं त्यांचा चेहरा निरखला. "दीडशे?"

"हून जाईल."

दोनशेला तिसरा कप गेला. शिवप्रसाद पाण्याचं निमित्त करून आत आला.

"वहिनी, घोळ झालाय. तिकडून तिला तीन दिवस शिकवून धाडलंय. भारतातली मानसं तोंडावर न्हाई म्हनत न्हाईत, म्हनून आकडा वाढवत जायचा. जिथं अडखळतील तिथं खरी हद्द."

"मंग आत्याबाई अडखळंनात का?"

"काकूला वाटायलंय, पाहुणीला आनखी लागायलेत."

"आन् ती चहा कामून ढोसायली एवढा?"

"ते बी शिकवलंय. चहा नाकारला की घरचे दुखावतेत."

"आन् कप रिकामा दिसला की आत्याबाई भरायला लावतेत." शिवकन्येनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, तुमीच सांगा की तिला."

"काकूचा शब्द मी खाली पाडू? गटाच्या सेक्रेटरी तुमी हाव."

सेक्रेटरी ती होतीच, पण आधी सून होती. सासू हो म्हणत असताना सुनेनं चारचौघांत नाही म्हणायचं, त्यापेक्षा लोकरीशिवाय घोंगडी विणणं तिला सोपं वाटलं. ती मुकाट्यानं किटली घेऊन बाहेर गेली.

चारशेपर्यंत मॅडमच्या पोटात पाच कप गेले होते. कपाळावर घाम होता. सुगंधाबाईंचाही आवाज बारीक झाला होता, पण पडत नव्हता.

"पाचशे?" मॅडमनं जवळजवळ विनवलं.

"हून... जाईल. शिवकन्या, मॅडमचा कप रिकामा हाय बघ."

किटली वाकली तशी मॅडमनं कपावर हात आडवा धरला. पाठ करून आणलेल्या मराठीत ती कशीबशी म्हणाली, "नको. आता नको."

शिवप्रसादनं मान खाली घातली. आता सासूबाईंचं काय होतंय म्हणून दिपाली दारातून डोकावली.

सुगंधाबाईंनी हुश्श केलं. "बरं झालं बाई, सांगितलंस. दूध कवाच संपलंय. शेजारून आनायलाव."

शिवकन्येनं किटली खाली ठेवली. सासूबाईंकडं न बघता ती मॅडमसमोर बसली.

"चाळीस, मॅडम. त्याच्यावर एक बी हुनार न्हाई."