लव्हाळीबाईंचं पथ्याचं आइस्क्रीम

एका जंगलात एका रानडुकराला शुगर निघाली.

हसू नका. शुगर कोणालाही निघते. आत्ता तुम्ही शहाण्यासारखे मांडी घालून बसला आहात, पण खिशातली गोळी गालात सरकवताना मी बघितलं आहे. तर मुलांनो, या रानडुकराचं नाव दंताजीराव. जंगलाच्या कडेला माणसांचे उसाचे फड होते आणि दंताजीराव रोज संध्याकाळी तिकडे पाय मोकळे करायला जात. जाताना पोट रिकामं असे, येताना नसे.

त्या जंगलात तपासणीची सोय उत्तम होती. रुग्ण झाडामागे जाऊन आला की तिथे मुंग्या किती जमतात ते बघायचं, बस्स. दंताजीराव झाडामागे जाऊन आले आणि मुंग्यांची रांग लागली. रांग झाडाला वळसा घालून थेट ओढ्यापर्यंत गेली. काही मुंग्या तर अंडीबिंडी घेऊन कायमच्या राहायला आल्या होत्या.

डॉक्टर होते सुतारपक्षी. त्यांनी चोचीनं टकटक करून दंताजीरावांची छाती तपासली. मग मागचा उजवा पाय तपासला.

"इथे काही टोचलं?"

"नाही बुवा."

"टोचायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "दंताजीराव, आजपासून गोड बंद. ऊस बंद, रताळी बंद, मध बंद. नाहीतर हा पाय जाईल."

"आणि पाय गेला तर?"

डॉक्टरांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. ओढ्यापलीकडे वाघसाहेब राहत. वाघसाहेबांचं वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते. धडधाकट रानडुकराच्या सुळ्यांसमोर जायची त्यांची आता हिंमत नव्हती. लंगड्या रानडुकराची गोष्ट वेगळी.

दंताजीरावांच्या बायकोचं नाव लव्हाळीबाई. नवऱ्यावर त्यांचा फार जीव. पायाचं ऐकल्यापासून त्यांना घास गोड लागेना, आणि दंताजीरावांना गोड मिळेना. घरात अगदी अवकळा आली.

त्याच सुमाराला महिला मंडळात उदमांजराचं प्रात्यक्षिक झालं. उदमांजर शहरातल्या गच्च्यांवरून बरंच काही शिकून आलं होतं. त्यानं एक गुबगुबीत, चकचकीत यंत्र मांडलं.

"ताई, ओट्यावर ठेवायचं आणि बटण दाबायचं. घरच्या घरी आइस्क्रीम! साखर नाही, मलई नाही, रंग नाही. नुसतं पौष्टिक."

"आणि चवीला?" मागून रानम्हशीनं विचारलं.

सगळ्या बायकांनी मागे वळून रानम्हशीकडे असं काही पाहिलं की ती बिचारी रवंथ करायचीसुद्धा थांबली. लव्हाळीबाई मात्र यंत्र काखेत मारून घरी आल्या.

यंत्राला जागा करायला ओट्यावरचा पाटा खाली आला. यंत्राचं एक भांडं असतं. ते आदल्या दिवसापासून फ्रीजमध्ये गोठवून ठेवावं लागतं. हे लव्हाळीबाईंना आधी ठाऊक नव्हतं, म्हणून पहिलं आइस्क्रीम पन्ह्यासारखं पातळ झालं. मग भांड्याला जागा करायला फ्रीजमधलं दूध बाहेर आलं, भाजी बाहेर आली, कालची आमटी बाहेर आली. आमटी नासली, पण भांडं छान गोठलं.

आधी लव्हाळीबाईंनी त्यात केळं घातलं. डॉक्टर म्हणाले, केळ्यातही साखर असते. केळं गेलं. मग चिकू आला आणि गेला. खजूर तर दारातूनच परत गेला. त्यानंतर दुधी आला, दुधीपाठोपाठ नाचणी, नाचणीपाठोपाठ जवस. शेवटी कारलं आलं आणि ते राहिलं.

दंताजीरावांनी जन्मभर चिखलातलं, मुळांखालचं, कुजलेलं, सगळं मिटक्या मारत खाल्लं होतं. त्यांनी त्या हिरव्यागार आइस्क्रीमचा एक चमचा तोंडात घातला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"कसं झालंय?" लव्हाळीबाईंनी विचारलं. त्यांच्या स्वतःच्या दातांना थंड सोसत नसे, म्हणून त्यांनी चाखलं नव्हतं.

"अगं," दंताजीराव डोळे न उघडता म्हणाले, "हे आपण एकट्यानं खाणं बरं नाही. शेजारीपाजारी द्यायला हवं."

"सगळं?"

"सगळं. मीच नेऊन देतो. तेवढंच माझं चालणं होईल."

लव्हाळीबाईंचा ऊर भरून आला. नवरा आपणहून चालायला निघाला होता! त्यांनी वाडगे भरून दिले. दंताजीराव ते सांबरकाकूंकडे, अस्वलकाकूंकडे आणि वानरवहिनींकडे देऊन आले.

सांबरकाकूंनी एक चमचा खाल्ला आणि उरलेलं घरामागच्या उंबराच्या मुळाशी ओतलं. अस्वलकाकूंनी आणि वानरवहिनींनीही त्याच उंबराशी तेच केलं. त्या उंबराचं पुढे काय झालं ते विचारू नका, झाड फार सोशिक होतं.

पण मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. तुमच्याही घरी असेल, आईला विचारा. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यात काहीतरी घालून द्यायचं, आणि ते काहीतरी गोडच घालायचं. त्यातून त्या तिघींना आपण ओतून दिल्याची टोचणी लागली होती. टोचणी लागली की हात सैल सुटतो. दुसऱ्या दिवशी दंताजीराव वाडगे आणायला गेले तेव्हा सांबरकाकूंच्या वाडग्यात बेसनाचे लाडू होते. अस्वलकाकूंच्या वाडग्यात मधाचा शिरा होता. वानरवहिनींनी केळ्याचा हलवा दिला होता आणि वरून बेदाणे लावले होते.

दंताजीरावांनी घरची वाट धरली. वाटेत करवंदाची एक दाट जाळी होती. ते जाळीमागे गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, ओढ्यावर वाडगे घासून स्वच्छ केले आणि घरी नेऊन दिले.

"रिकामेच दिले?" लव्हाळीबाई म्हणाल्या.

"हल्ली रीतभात राहिलीय कुठे लोकांना," दंताजीराव म्हणाले. "पण आइस्क्रीम आवडलं हं सगळ्यांना. आणखी मागितलंय."

मग काय विचारता! यंत्र रोज घरघरू लागलं. वाडगे रोज भरून जात आणि भरूनच परत निघत, फक्त घरापर्यंत भरलेले पोचत नसत. लव्हाळीबाई ज्याला त्याला सांगत, "हे किती बदलले हो! रोज चालतात. आणि पौष्टिक म्हटलं की मेलं कसं उत्साहानं उठतात!"

मुंग्या मात्र वाढल्या. रांग ओढा ओलांडून पलीकडे गेली. दंताजीराव पाय ओढत चालू लागले. डॉक्टरांनी पुन्हा टकटक केली, मान हलवली आणि विचारलं, "आइस्क्रीममध्ये काय घालता?"

लव्हाळीबाईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी कारल्याचं प्रमाण वाढवलं. वर कडुनिंबाचा कोवळा पाला घातला. त्यामुळे शेजारणींची टोचणी वाढली, आणि टोचणी वाढली म्हणून लाडवांत तूप वाढलं.

एके दुपारी दंताजीराव घरी नसताना दारात वाघसाहेब उभे राहिले. त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. लव्हाळीबाईंची पाचावर धारण बसली.

"घाबरू नका, वहिनी," वाघसाहेब म्हणाले. "सहज आलो. म्हटलं, दंताजीरावांच्या पायाची विचारपूस करावी. उजवाच ना, मागचा?"

"हो," लव्हाळीबाई कशाबशा म्हणाल्या.

"फार दुखत नाही ना? नसेलच. आता कळतच नसेल काही. छान, छान. हा थोडा शिरा आणलाय, साजूक तुपातला. त्यांना सावकाश खाऊ द्या. मला काही घाई नाही."

लव्हाळीबाई घाबरल्या होत्या, पण शेजारधर्माचं शल्य जुनं होतं. ते बाहेर पडलंच. "तुम्ही तरी आठवणीनं काही आणलंत. नाहीतर या शेजारणी! इतकं आइस्क्रीम खाल्लं, पण एकीनं कधी वाडग्यात चिमूटभर काही घातलं नाही."

"असं कसं म्हणता?" वाघसाहेबांना आश्चर्य वाटलं. "मी रोज बघतो ना. करवंदाच्या जाळीमागे बसलेले असतात दंताजीराव. लाडू काय, हलवा काय! इतकं मन लावून खातात, वहिनी, की बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटतं."

एवढं बोलून वाघसाहेब नमस्कार करून गेले.

दंताजीराव घरी आले तेव्हा लव्हाळीबाई ओट्याशी खाली बसल्या होत्या. समोर शिऱ्याचं पातेलं होतं. मागे यंत्र घरघरत होतं.

"वाघ येऊन गेला," त्या म्हणाल्या. "जाळीमागे तुम्हाला रोज बघतो म्हणाला."

दंताजीरावांना एक सबब सुचली. मग दुसरी सुचली. पण बायकोचं तोंड बघितल्यावर त्यांनी दोन्ही गिळून टाकल्या.

लव्हाळीबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडायला लागल्या. "मी रोज कारली किसतेय. हाताचा कडूपणा जात नाही माझ्या. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय, माझ्या हातालाच गुण नाही. तुम्हाला तो घेऊन गेला तर मी कुणाकडे बघायचं हो?"

दंताजीरावांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. ते उठले, यंत्र बंद केलं, वाडगा भरून घेतला आणि खायला बसले. एक चमचा नव्हे, पूर्ण वाडगा. प्रत्येक घासाला त्यांच्या अंगावरचे केस उभे राहत होते, आणि रानडुकराचे केस उभे राहिले की लांबूनही दिसतात. तळ दिसला तेव्हा त्यांनी वाडगा खाली ठेवला.

"कसं झालंय?" लव्हाळीबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"छान झालंय," दंताजीराव म्हणाले.

मुलांनो, नवरा खोटं बोलला, पण इतक्या प्रेमानं त्यांच्या घरात कोणी कधी खरं बोललं नव्हतं. पण खोटं प्रेमानं बोललं तरी भोगावं लागतंच. दुसऱ्या दिवसापासून लव्हाळीबाईंनी वाडगे बाहेर पाठवणं बंद केलं. "तुम्हाला आवडलंय ना? मग आता सगळं तुम्हालाच. दोन्ही वेळा."

दुपारी यंत्र घरघरलं. काय करतोय हे कळायच्या आत दंताजीराव दाराबाहेर होते. लव्हाळीबाई वाडगा घेऊन मागे धावल्या. "अहो, थांबा! वितळतंय!"

पाय ओढत का होईना, दंताजीराव थांबले नाहीत. ते टेकडी चढले, टेकडी उतरले, ओढ्याच्या काठाकाठानं धावले. वाटेत उसाचा फड लागला. पण ऊस खायला थांबावं लागतं, आणि थांबलं की वाडगा गाठणार. ते फडाकडे न बघता पुढे गेले. संध्याकाळी पुन्हा यंत्र घरघरलं, पुन्हा तेच झालं. जेवल्यावर आइस्क्रीम येतं म्हणून ते जेवायलाही बेतानंच बसू लागले.

वाघसाहेब ओढ्यापलीकडून रोज दोनदा ही मिरवणूक जाताना बघत. एकदा त्यांनी मागे लागूनही बघितलं, पण पळणारं डुक्कर काही हाती लागलं नाही. गुडघे घेऊन पुढचे कितीतरी दिवस ते झोपून होते.

आणि एक दिवस पळता पळता दंताजीराव "आई गं!" म्हणून ओरडले. मागच्या उजव्या पायात बाभळीचा काटा रुतला होता. लव्हाळीबाईंच्या हातातला वाडगा खाली पडला. त्या जवळ आल्या, पाय मांडीवर घेतला आणि हसत हसत रडू लागल्या. पायाला कळलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं. झाडामागे एकही मुंगी आली नाही. राहायला आलेल्यासुद्धा बिऱ्हाड उचलून गेल्या होत्या. डॉक्टरांनी तीनतीनदा टकटक करून बघितलं आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

"आइस्क्रीमनं," लव्हाळीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दंताजीरावांकडे पाहिलं.

"आइस्क्रीमनंच," दंताजीराव म्हणाले.

डॉक्टर ज्याला त्याला यंत्र लिहून देऊ लागले. उदमांजराची चंगळ झाली. दुपार झाली की घराघरातून घरघर सुरू होई आणि सगळं जंगल पळत सुटे. सांबरकाका पुढे, सांबरकाकू मागे. वाघसाहेबांना लंगडं सोडाच, चालणारं जनावरही दिसेना. ते कंटाळून दुसऱ्या जंगलात गेले. तिथे अजून मिठाईची दुकानं होती.

एका संध्याकाळी टेकडीवर दोघं दम खात बसले होते. वाडगा मधे होता. दंताजीरावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "अगं, एक सांगू? रागावू नकोस. मला हे आइस्क्रीम मुळीच आवडत नाही."

"मला ठाऊक आहे," लव्हाळीबाई म्हणाल्या. "तुम्ही छान म्हणालात ना, त्या दिवशी वाडग्याला लागलेलं मी चाटून बघितलं होतं."

"मग रोज कशाला करतेस?"

"तुम्ही खावं म्हणून थोडंच करते," लव्हाळीबाईंनी वाडगा उचलला. "बसलात काय? उठा. पळा."

तात्पर्य: पौष्टिक आइस्क्रीम प्रकृतीला फार चांगलं असतं. ते कोणाच्या पोटात मात्र जाता कामा नये.