खर्जातले टेंभरेबाबू

टेंभरेबाबूंना गाणं आवडत नसे. गाण्याच्या खाली जे काही चाललेलं असतं, तेवढंच त्यांना आवडे. वरातीत सगळी माणसं क्लॅरिनेटवाल्याभोवती गर्दी करत आणि हे गृहस्थ बँडच्या अगदी मागे, तो अंगाला गुंडाळलेला अगडबंब भोंगा फुंकणाऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून चालत. वीस-पंचवीस लग्नं त्यांनी अशी पायी पार पाडली असतील, पण एकाही नवरदेवाचं तोंड पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"वरतं का आहे जी? हवा आहे," ते म्हणत. "वजन खालतं राहते."

वजन हा त्यांचा धंदाच होता. गोंदियाच्या मालधक्क्यावर ते वजनबाबू होते. तांदळाची पोती, तेंदूपानाचे बोरे, लाखेच्या पेट्या, सगळं त्यांच्या काट्यावरून जाई, आणि संध्याकाळी काटा बंद झाला तरी त्यांचं तोलणं थांबत नसे. माणसं ते आवाजावर तोलत. आमचे स्टेशनमास्तर सहा फुटी, मिशीवाले, पण आवाज चिरका. "खाली बोरा," म्हणजे रिकामं पोतं, असा टेंभरेबाबूंनी निकाल दिला. मालधक्का झाडणाऱ्या सोनबतीबाईचा आवाज घोगरा, तिला ते कौतुकानं "भरला बोरा" म्हणाले. तिनं ती आपल्या अंगकाठीवरची टीका समजून महिनाभर त्यांच्या टेबलाखालचा केर काढला नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. एकदा आमगावला मुलगी पाहायला गेले होते म्हणतात. मुलीनं बिचारीनं एक भजन म्हटलं. सगळे वा वा करत असताना हे म्हणाले, "आता हेच खालतं घेऊन म्हणता का जी?" मुलीच्या बापानं चहाची वाट न पाहता त्यांना स्टेशनची वाट दाखवली. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला.

त्यांचा खरा नाद घरात उभा होता. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पूर्वी साहेब लोकांचा बँड होता. सत्तेचाळीस साली साहेब गेले, वाद्यं इकडेतिकडे पांगली. राहिला तो फक्त बास. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं, चार जाड तारांचं एक अवाढव्य फिडल. उभ्यानं कवटाळायचं आणि बोटांनी तारा ओढायच्या. तो कोणी फुकट घेईना. टेंभरेबाबूंनी घरी आणला. क्वार्टरच्या दारातून तो जाईना, तेव्हा त्यांनी दार काढलं. बास आत गेला, पण दार काही पुन्हा बसलं नाही. तेव्हापासून दाराच्या जागी गोणपाट, खोलीत बास आणि ओसरीत बाबूंची खाट, अशी व्यवस्था होती.

हे शिकलात कुठं, असं मी एकदा विचारलं.

"भिंतीमागं," ते म्हणाले. साहेबांच्या काळात आपल्या माणसाला त्या हॉलमध्ये प्रवेश नव्हता. तरुण टेंभरेबाबू दर शनिवारी मागच्या भिंतीला पाठ टेकून बसत. "भिंतीतून वरचं येत नाही जी. खालचं तेवढं येते. मले वाटे, गानं म्हंजे एवढंच राहते." दहा वर्षं त्यांनी गाण्यांचा असा अर्धा भाग ऐकला होता. उरलेला अर्धा पुढे ऐकायला मिळाला तेव्हा तो त्यांना फालतू वाटला.

त्यांची आणि माझी भिंत एक. मी वर्ध्याकडचा, रिलिव्हिंग असिस्टंट मास्तर. म्हणजे ज्या स्टेशनवर कोणी आजारी पडेल तिथं जायचं आणि तो बरा झाला की परत यायचं. परत आलो की विश्रांती हवी, तर संध्याकाळी भिंतीपलीकडून सुरू, ढुम्... ढुम्... ढुम्. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांची झाकणं थरथरत. "अहो, भाऊजींनी सुरू केलं बघा, डाळीचा डबा सरकायला लागला," बायको म्हणे. एकदा वैतागून मी भिंतीवर चांगल्या सात-आठ बुक्क्या मारल्या. दुसऱ्या दिवशी टेंभरेबाबू नळावर भेटले. "ताल बरा आहे तुमचा, मास्तर," म्हणाले, "फक्त थोडा मागं राहून राहिला."

आता अशा माणसाला दोस्त मिळणं कठीण, पण मिळाला. तोही तसलाच. अप्पाराव नावाचा तेलुगू असिस्टंट मास्तर, सालेकसा स्टेशनवर होता. मागं जंगल, पुढं रूळ आणि दिवसाकाठी मोजक्या गाड्या. बायकामुलं तिकडे विजयनगरमला. हा रविवारी पॅसेंजरनं गोंदियाच्या बाजाराला येई. एका रविवारी पिशवीत वांगी घेऊन आमच्या ओळीतून जाताना तो एकदम थांबला. कोणालाही न विचारता गोणपाट बाजूला सारून आत शिरला आणि म्हणाला, "बाबू, तीसरा तार उतरा है." तारुण्यात खरगपूरला त्यानंही बास वाजवला होता. टेंभरेबाबूंनी तार चढवली, वाजवून पाहिली आणि उठून त्याच्यासाठी चहा ठेवला. मी शेजारी राहून तीन वर्षं झाली होती, मला तो चहा मिळाला नव्हता.

मग दर रविवारी दोघं बसू लागले. बास एक, वाजवणारे दोन, आणि दोघंही खालचंच वाजवणारे. चाल वाजवायला कोणी नाही. एक वाजवी, दुसरा डोळे मिटून मान हलवी, मग अदलाबदल. पंगतीत दोघंही वाढपी आणि पानावर कोणीच नाही, असला तो प्रकार. मी थट्टेनं विचारलं, "कोणतं गाणं चाललंय?" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काटा मारून वजन चोरलंय. बोलणं त्यांच्यात जवळजवळ नसे. शेवटी अप्पाराव उठताना म्हणे, "अच्छा था." टेंभरेबाबू होकार भरत, "हाव." एवढ्यावर त्यांचा आठवडा निघे.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. घरटी एक तरी माणूस अंथरुणात. गळ्यात कापराच्या पुड्या, रुमालावर निलगिरीचं तेल, इन्स्टिट्यूटला कुलूप, बाजार बंद, आणि ज्यांना ताप नाही त्या रेल्वेवाल्यांची रजा-सुट्टी बंद. अप्पाराव सालेकशाला अडकला. पहिल्या रविवारी टेंभरेबाबूंनी दोन कप मांडून ठेवलेले मी गोणपाटाच्या फटीतून पाहिले. दुसऱ्या रविवारी त्यांनी बासला हातच लावला नाही. आमचे डबे फळीवर गप्प बसले होते, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी युक्ती काढली. सगळ्या स्टेशनांना जोडणारी कंट्रोलच्या फोनची एक लाइन असते. नागपूरला कंट्रोलर बसतो, तो गाड्या हलवतो, आणि एकाच लाइनवर असल्यामुळे कोणीही रिसीव्हर उचलला की सगळ्यांचं सगळं ऐकू येतं. मालधक्क्याच्या ऑफिसात तिचा एक फोन होता. संध्याकाळी सहाला गाड्यांची वर्दळ कमी. त्या वेळी इकडे टेंभरेबाबूंनी वाजवायचं आणि तिकडे अप्पारावानं कानाला रिसीव्हर लावून ऐकायचं, असं ठरलं.

बास मालधक्क्यावर नेणं भाग होतं. टेंभरेबाबूंनी तो पांढऱ्या चादरीत गुंडाळला, पार्सलच्या हातगाडीवर आडवा घातला, सुतळीनं तीन ठिकाणी बांधला आणि प्लॅटफॉर्मवरून निघाले. दिवस साथीचे. समोरून येणारे लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एका म्हातारीनं विचारलं, "कोन होता बापा?"

"बास आहे जी," टेंभरेबाबू म्हणाले.

"देवाची मर्जी," म्हातारी म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. टेंभरेबाबूंनी तिलाही नमस्कार केला. ती कशाबद्दल रडते हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा बासबद्दल कोणीतरी हळहळलं याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

त्या दिवसापासून रोज सहाला दहा मिनिटं हा कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी कंट्रोलर ओरडला, "लाइन पर कौन ठकठक कर रहा है?" सगळी स्टेशनं चिडीचूप. टेंभरेबाबू ऑफिसात आहेत हे अर्ध्या लाइनला माहीत होतं, पण कोणी नाव घेतलं नाही. कंट्रोलरनं लाइनमन पाठवला. तो बिचारा चार दिवस खांबांवर चढून बिघाड शोधत होता. दहा मिनिटं झाली की सालेकशाहून अप्पारावाचा आवाज येई, "अच्छा था." मग टेंभरेबाबू "हाव" म्हणून रिसीव्हर ठेवत. मीही या माकडचेष्टेला यथेच्छ हसलो आणि चारचौघांत त्यांची नक्कलही करून दाखवली. आज त्याची लाज वाटते.

सव्वा महिना असा गेला आणि अप्पारावालाच तापानं धरलं. त्याच्या जागी मला सालेकशाला धाडलं. मी उतरलो तेव्हा तो ऑफिसातल्या बाकावर कांबळं पांघरून पडला होता. छातीत घरघर चाललेली. दुपारच्या गाडीनं त्याला बिलासपूरला न्यायचं ठरलं. गाडी येईपर्यंत मी त्याच्या उशाशी बसलो. त्यानं फोनकडे बोट दाखवलं.

"छे बजे उठाना, मास्टर. आखिर में बोलना, अच्छा था."

"ऐकू तरी नीट येतं का?" मी विचारलं.

त्यानं कांबळं छातीशी ओढलं. "कुछ नहीं आता," म्हणाला. "एक दिन भी नहीं आया. नाखून का टकटक आता, साँस का आवाज आता. बस." मग दम घेत म्हणाला, "उसको मत बोलना. उसका और कौन है?"

त्याला गाडीत चढवलं. त्या संध्याकाळी मी रिसीव्हर उचलला आणि टेंभरेबाबूंना सांगितलं, की अप्पारावाला दवाखान्यात नेलंय, काळजी करू नका. "बरं," ते म्हणाले. वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कंट्रोलरनं मला पुकारलं. अप्पाराव सकाळी गेला. त्याची पेटी आणि भांडी बांधून बिलासपूरला पाठवा, घरची माणसं तिथं येत आहेत. मी निरोप कागदावर उतरवून घेतला. अर्ध्या दिवसाचं काय ते आमचं बोलणं, पण त्या माणसासाठी माझे डोळे भरून आले.

पेटी बांधता बांधता सहा वाजत आले. मला वाटत होतं की फोन उचलूच नये. काय बोलायचं? कसं सांगायचं? पण अप्पारावाचं ते शेवटचं सांगणं होतं. उचलला. लाइनवर कोणीतरी आधीच होतं. श्वास ऐकू येत होता.

"टेंभरेबाबू?"

"हाव."

"बाबू, एक सांगायचं होतं..."

"आइकलं मी चार वाजता," ते म्हणाले. "लाइन सगळ्यायची राहते."

मग तेच म्हणाले, "मास्तर, त्यानं सांगतलं का तुमाले, आइकू येत नाही म्हणून?"

मला खोटं बोलवेना. "हो," म्हटलं.

"मले मालूम होतं. पयल्याच दिवशी. खर्ज तारेतून जात नाही जी. त्या लाइनमनले विचारलं होतं मी, तो तारेतलाच मानूस." मग म्हणाले, "पन शेवटी तो 'अच्छा' म्हने ना. तेवढ्यानं मले समजे, का तिकडं कोनी आहे."

बाहेर सिग्नलचा दिवा लावायला पॉइंट्समन निघाला होता. मला एकदम त्यांची ती खोली दिसली, गोणपाट, बास आणि ओसरीतली खाट. इतकी वर्षं मी भिंतीच्या अलीकडे होतो. एकदाही गोणपाट सारून आत गेलो नव्हतो.

"मी वाजवून राहिलो आता," टेंभरेबाबू म्हणाले. "तुमाले काई आइकू नाही येनार. तरी ठेवू नोका."

"नाही ठेवत," मी म्हणालो.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग टक. मग जरा वेळानं पुन्हा टक. नागपूरचा कंट्रोलर लाइनवर आला, दोन क्षण थांबला, आणि काही न बोलता निघून गेला. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. टकटक थांबली, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. टेंभरेबाबू काहीच बोलेनात. ते वाट पाहत होते.

"अच्छा था, बाबू," मी म्हणालो.

पलीकडून "हाव" यायला फार वेळ लागला.