चौरंगावरचा लाल पंजा

यंदा विज्ञान प्रदर्शनाला शाळेतर्फे जाणार तर जुईच! अख्ख्या नववीत एवढं भारी मॉडेल होतं कुणाकडे? हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं कापड. अल्कली लागली की लालभडक, आम्ल लागलं की पुन्हा पिवळं! निवड करणारे श्रीकांत सर याच पिपलानी वसाहतीत राहायचे. पाच वाजता घरी येऊन मॉडेल बघणार होते.

साडेचारला दोरीवर कापडच नाही!

"आई, माझं कापड?"

"ते पिवळं? इंदुमतीकाकूंना दिलं. मार्गशीर्षातला गुरुवार ना, चौरंगावर घालायला हवं होतं."

जुई शेजारच्या क्वार्टरकडे सुसाट धावली आणि दारातच थबकली. वीज गेलेली. उदबत्तीचा दाट धूर, समईची एकच वात, आणि दहा-बारा बायका भिंतीला चिकटलेल्या! कलशाच्या पायाशी, पिवळ्या कापडावर, पाच बोटं उमटली होती. लाल. ओली. रक्तासारखी.

"नुसतं कापड सारखं केलं गं मी," काकू कुजबुजल्या. "वळून समई लावली, परत बघते तर हात!"

"माताजी आई हैं," कोपऱ्यातून कुणीतरी हिंदीत पुटपुटलं.

"काकू, समई कशाने घासली?"

"धुण्याच्या सोड्याने. का गं?"

"मग हात तुमचाच! सोड्याचा पीएच अकरा असतो!"

"देवीला आकडे सांगतेस?"

जुईने ताटातलं लिंबू कापडावर पिळलं. बोटं एकेक करून विझली. काकू मटकन खाली बसल्या. "गेली! कार्टीने घालवली!"

"आणते की परत!"

जुईने सोड्याच्या पाण्यात हात बुडवून कोरड्या बाजूला दाबला. पाण्याखालून कुणी वर यावं तसा पंजा पिवळ्यातून हळूहळू वर आला. तिच्याच अंगावर सर्रकन काटा! वळून बघते तर सगळ्या बायका तिच्याच पाया पडताहेत!

तेवढ्यात दारात श्रीकांत सर. आईनेच इकडे पाठवलेले. हुश्श!

"सर, तुम्हीच सांगा ना यांना!"

सरांनी वाकून पंजा न्याहाळला. "हळद. अल्कलीत लाल. अगदी बरोबर. निवड तुझीच!"

जुई उडीच मारणार होती. पण सरांनी हळूच हात जोडले.

"फक्त माझी नागपूरला बदली होईल का, तेवढं देवीला विचार ना."

"सर!"

"नावांची यादी मी उद्या सकाळी पाठवणार आहे."

जुईने डोळे मिटले आणि खर्जात घुमली, "हो... ई... ल!"