भालबाची मुरलेली वेल

एका जंगलात एक साळिंदर राहत होता. मुलांनो, जंगल कुठलं ते विचारू नका. तुमच्या घराजवळचं निघालं तर तुमचे बाबा उगाच खाली मान घालतील.

साळिंदराचं नाव भालबा. त्याच्या बायकोचं नाव साळूबाई. दोघं एका ऐसपैस बिळात राहायची. साळूबाई कंद खणून आणायची आणि साठवायची. भालबाही खणायचा, पण त्याचा जीव गाण्यात होता.

जंगलात एक धबधबा होता. तिथे कस्तूरबुवा नावाचा म्हातारा पक्षी पहाटे शीळ घालून गायचा. भालबा रोज जाऊन खालच्या ओल्या दगडावर बसायचा. पाणी धो धो कोसळायचं, बेडूक ओरडायचे, वरून माकडं काहीबाही फेकायची. भालबाला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. फक्त बुवा ऐकू यायचे. गाणं संपेपर्यंत त्याचे सगळे काटे उभे राहिलेले असायचे आणि शेजारी बसलेली मंडळी लांब सरकायची.

पुढे बुवा थकले. त्यांनी भालबाला बोलावून एक वाळलेला भोपळा दिला.

"ह्यात माझं पहाटेचं गाणं भरलंय. बूच काढलंस की पहिल्यापासून वाजेल. पण दर वेळी थोडं थोडं विरेल. त्याला इलाज नाही."

"मग मी बूच काढणारच नाही, बुवा."

"वेडा आहेस. काढ. रोज ऐक. विरून जाईपर्यंत ते तुझ्यात उतरलेलं असेल."

थोड्याच दिवसांत बुवा गेले. भालबा खूप रडला. मग रोज संध्याकाळी तो आणि साळूबाई भोपळ्यासमोर बसून गाणं ऐकू लागली. अख्खं ऐकायची आणि बूच लावून जेवायला बसायची.

आणि मग घोरपडबाई आल्या.

घोरपडबाई जंगलात नादविशारद म्हणून प्रसिद्ध होत्या. घोरपडीचे कान काही दुरून दिसत नाहीत, पण विशारदाचे कान तपासतो कोण? शिवाय घोरपड एकदा चिकटली की काय होतं, ते तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकलंच आहे.

बाईंनी डोळे मिटून गाणं ऐकलं. "गाणं बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण भोपळा जमिनीवर ठेवलाय?"

"मग कुठे ठेवायचा?"

"अहो, जमीन गाणं पिते."

त्यांनी काळ्या कातळाची एक फरशी आणून दिली आणि साळूबाईच्या कोठीतून कंद नेले. भोपळा फरशीवर बसला. भालबानं बूच काढलं.

खोटं कशाला सांगू, फरक पडला. वरच्या सुराआधी बुवा एक छोटा श्वास घ्यायचे. धबधब्याच्या आवाजात तो कधी कुणाला ऐकू आला नव्हता. आज तो आला. "साळू," भालबा म्हणाला, "बुवा इथे बसलेत." साळूबाईचेही डोळे भरून आले.

गोष्ट इथेच थांबली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मग तात्पर्य कुठून आणायचं?

फरशीनं श्वास दिला, तर आणखी काय काय मिळेल, ह्या विचारानं भालबाची झोप उडाली. बाईंनी भोपळ्यासमोर एक मडकं ठेवलं. भिंतींना जाड शेवाळ थापलं. भोपळ्यापासून मडक्यापर्यंत एक दुर्मीळ वेल बांधली. वेल मुळाकडून शेंड्याकडेच बांधायची असते. उलटी बांधली तर गाणं माघारी जातं. हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल.

आता भालबा बूच काढायचा, सुरुवात ऐकायचा, बूच लावायचा. मडकं बोटभर सरकवायचा. पुन्हा बूच काढायचा, पुन्हा सुरुवात. गाण्याचा शेवट कसा आहे, हे विचारलं असतंत तर त्याला सांगता आलं नसतं. मडक्याची जागा मात्र तो झोपेतही सांगायचा.

एके दिवशी त्याला आवाज पातळ वाटला. त्यानं बाईंना बोलावलं.

"वेल," बाई म्हणाल्या.

"पण वेल तर नवीकोरी आहे."

"तेच तर. वेल मुरावी लागते, लोणच्यासारखी. भोपळा दिवसभर उघडा ठेवा, गाणं वेलीतून वाहू दे. आणि तुम्ही मुळीच ऐकू नका. कच्च्या वेलीनं कान बिघडतात."

भालबा कानात शेवाळ घालून दिवसच्या दिवस लांबच्या वारुळामागे बसू लागला. इकडे बिळात भोपळा गात राहिला. साळूबाई कंद सोलता सोलता ऐकत होती. तिला कुणी विशारदानं ऐकू नका असं सांगितलं नव्हतं.

"अहो, विरत चाललंय ते," ती एकदा म्हणाली. "बुवांनी सांगितलं होतं ना?"

"विरत नाहीये. मुरतंय."

शेवटी घोरपडबाईंनी वेलीवरून शेपूट फिरवलं आणि म्हणाल्या, "मुरली."

श्वास घेतला तरी भालबाचे काटे खुळखुळायचे. म्हणून त्यानं अंगाला केळीची पानं गुंडाळून घेतली. नेमक्या जागी बसला. बूच काढलं.

काहीच वाजलं नाही. शेवाळातून एक थेंब पडला, तेवढाच काय तो आवाज.

"वाहवा," बाई म्हणाल्या. "शांतता किती स्वच्छ आलीय."

"पण गाणं कुठंय?"

"ते भोपळ्यात काय भरलंय त्यावर आहे. त्यात आम्ही पडत नाही." आणि कोठीतले उरलेसुरले कंद घेऊन बाई गेल्या.

भालबानं भोपळा हलवला, कानाला लावला. गाणं आठवून पाहिलं. सुरुवात आठवली, आणि त्यापुढे मडक्याची जागा. बुवा गेले तेव्हाही तो इतका रडला नव्हता. आता बुवा खरोखरच गेले होते, आणि त्यांना घालवलं होतं त्यानं स्वतः.

तेवढ्यात आतल्या खोलीतून गाणं ऐकू आलं.

साळूबाई टोपली विणता विणता गुणगुणत होती. आवाज जाडाभरडा, मध्येच घसरणारा. पण गाणं अख्खं होतं. वरच्या सुराआधीचा तो छोटा श्वाससुद्धा होता. भालबाचा एकेक काटा उभा राहिला आणि केळीची पानं टराटरा फाटली. तो जाऊन तिच्यासमोर बसला. ती गात राहिली. शेवट असा होता तर, हे त्याला आज पुन्हा कळलं.

"पुन्हा म्हण," तो कसाबसा म्हणाला.

तिनं पुन्हा सुरू केलं. भालबानं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"साळू."

"काय हो?"

"जरा डावीकडे सरकून बसतेस?"

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि डावीकडे सरकली.

"अजून थोडी."

ती अजून सरकली. मग आणखी सरकली. टोपली उचलून सरकत सरकत बिळाच्या बाहेर पडली आणि थेट धबधब्यावर गेली. तिथल्या ओल्या दगडावर बसून ती गाऊ लागली. पाणी कोसळत होतं, बेडूक ओरडत होते, वरून माकडं काहीबाही फेकत होती. हळूहळू सगळं जंगल तिच्याभोवती गोळा झालं, काट्यांपासून बेतानं लांब.

भालबाला बिळात काहीच ऐकू आलं नाही. भिंतींना शेवाळ फार छान लावलं होतं.

तात्पर्य : गाणं काय, धबधब्याखालीही ऐकू येतं. स्वच्छ शांतता ऐकायची असेल तर मात्र साधनं उंचीच घ्यावीत, आणि ती नीट मुरू द्यावीत.