गुलाबरावांचं बिनरस्त्याचं खोरं

आमच्या जंगल कचेरीत गुलाबरावांच्या नकाशावर कुणी बोट ठेवलं, की ते लेखणी खाली ठेवून म्हणत, "बोट उचला. तिथं अस्वल झोपून राहिलं." एकदा मोठ्या साहेबांनाही त्यांनी हेच ऐकवलं. साहेबांना मराठी बेताचीच येत होती, पण बोट उचललं त्यांनी.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. मी अमरावतीला कारकून, गुलाबराव नकाशे काढणारे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. रस्त्यांचा त्यांना भारी राग. बडनेऱ्याच्या एका लग्नाला सडक सोडून शेताशेतांतून गेले आणि पंगती उठल्यावर पोचले. वर सडकच वाकडी आहे म्हणाले.

मेळघाटाच्या नव्या आराखड्यासाठी ते दोन हिवाळे आतल्या एका खोऱ्यात राहिले. तिथं आठ घरांची कोरकू वस्ती होती. म्हाताऱ्या पटेलाच्या, म्हणजे वस्तीच्या मुखियाच्या, ओसरीवर निजायचं, त्याच्या घरचा कुटकीचा भात खायचा, तो दाखवील ते झरे टिपायचे. परत येऊन त्यांनी लिहिलं: या खोऱ्यात रस्ता नको, बंगला नको, लाकूडतोड नको, रखवालदारानं पायी फिरावं.

आम्ही हसलो. लाकूड विकलं नाही तर सरकार खाईल काय, असं मी विचारलं.

"काहून? सारंच खा लागते काय?"

नवल म्हणजे नागपूरहून मंजुरी आली. गुलाबरावांनी पेढे वाटले. मग मी हुकुमाची शेवटची ओळ वाचून दाखवली. खोरं इतकं निर्मळ राखायचं, तर तिथं माणसंही नकोत; वस्ती उठवावी. ओळखीचा माणूस म्हणून गुलाबरावांनीच जाऊन तसं सांगावं.

ते साहेबांशी तासभर भांडले आणि शेवटी गेले. पटेलानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पानी कुठं कुठं हाय, थे मी तुले याच्यासाठीच दाखवलं काय?" हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

पक्क्या नकाशावरून वस्तीचं नाव खरवडायचं होतं. गुलाबरावांनी चाकू हातात धरला नाही. मी खरवडलं. मला घरसंसार होता.

वस्तीतल्या लोकांना डोंगराच्या पायथ्याशी, अंजनगावजवळ, माळरानावर जागा दिली. अंजनगावला गुलाबरावांच्या भावाचा भाजीचा मळा होता. दर सुट्टीला ते तिथून वांगी, मेथी, कांदे पोत्यात भरून नेत आणि पटेलाच्या झोपडीबाहेर ठेवून येत. त्यांच्याशी कुणी बोलत नसे. पोतं पुढच्या खेपेपर्यंत तसंच सडत पडे.

असं वर्षभर चाललं. एका सोमवारी ते कचेरीत आले, ते जरा मोकळे दिसले. मी विचारलं, घेतली का भाजी?

"घेतली त्यायनं," गुलाबराव म्हणाले. "बैलाले टाकली. पन घेतली."